बाळाची धाप : बघायची, मोजायची आणि निघायचं

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना आता नर्सिंगला जाऊ लागल्या आहेत. तिथं त्यांना शिकवतात, की पेशंटजवळ गेलं की आधी नीट बघ, मग मोज, सगळं एकत्र करून ठरव आणि थोड्या वेळानं पुन्हा येऊन बघ. आजाराचं नाव सांगणं हे डॉक्टरांचं काम. पण ‘हा पेशंट आत्ता थांबू शकतो का?’ हे नर्सला ओळखावंच लागतं. ही नजर आपल्यालाही हवी, कारण रात्री दोन वाजता बाळ आजारी पडतं तेव्हा शेजारी नर्स नसते, आपणच असतो. आज ही नजर एकाच गोष्टीवर लावून बघू : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास.

एवढ्या लहान बाळाला न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग झाला तर ते मोठ्या माणसासारखं कण्हत नाही. कधी ताप येतो, कधी उलट अंग गार पडतं. पुष्कळदा बाळ नुसतं गप्प होतं आणि आपण म्हणतो, “आज किती शहाण्यासारखं झोपलंय!” अशा बाळाची तब्येत काही तासांत हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून अंदाजावर राहायचं नाही, मोजायचं.

बाळ शांत असताना मोजा. रडताना किंवा अंगावर पिताना मोजलेला आकडा धरू नका. झबलं वर करा, उजेडात पोट आणि छाती दिसू द्या. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्या बाळाचा श्वास सारखा नसतो. मध्येच थांबतो, मग भरभर चालतो. (मोबाईलचं घड्याळ चालेल, पण स्क्रीन मध्येच बंद होते. एकीनं घड्याळ बघावं, दुसरीनं पोट.) आकडा 60 किंवा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही 60 किंवा वर आला तर तो जलद श्वास, म्हणजे धोका. बाळ दोन महिन्यांच्या पुढचं, पण वर्षाच्या आतलं असेल तर हीच रेघ 50 ची, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 ची.

आता ठरवायचं कसं ते बघा. समजा, बारा दिवसांचं बाळ आहे. रडून नुकतंच शांत झालंय, श्वास 63 भरला. थोड्या वेळानं पुन्हा मोजला तर 52. अंगावर जोर लावून पितंय, हातपाय हलवतंय. इथं धावपळ नको. तासाभरानं पुन्हा मोजा आणि आशाताईंच्या कानावर घाला.

दुसऱ्या घरातलं बाळही बारा दिवसांचंच. श्वास 66, पुन्हा मोजला तर 64. आई म्हणते, सकाळपासून दोनदाच प्यालं, तेही सोडून देतंय. आजी म्हणतात, नाक चोंदलंय, नजर लागली असेल, संध्याकाळी लेक आला की बघू. आजींची माया खरी आहे, पण इथं संध्याकाळची वाट बघायची नाही. पिणं कमी होणं आणि श्वास वाढणं या दोन्ही खुणा एकत्र आल्यात, आता तिसरी शोधत बसू नका.

काही खुणा तर एकेकटीच पुरेशी असते : श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जाणं, झटके येणं, बाळानं पिणं सोडणं, हलवल्याशिवाय हालचाल न करणं, काखेतला ताप 99.5 किंवा वर असणं, किंवा अंग गार पडून थर्मामीटर 95.9 च्या खाली जाणं. यातलं काहीही दिसलं तर श्वास मोजायलाही थांबू नका.

‘हे आपल्या बायांना कुठं जमणार’ असं कोणी म्हटलं तर गडचिरोलीचं उदाहरण द्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं अंक न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांचं साधन केलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया समजायचा. पुढं त्याच भागात गावातल्या बाया घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. तो अभ्यास 1999 साली छापून आला. आज आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, त्यामागं हेच काम आहे. त्या आल्या की त्यांना बाळाला उघडून बघू द्या. “झोपलंय, नंतर या” म्हणू नका.

निघायचं ठरलं की 108 ला फोन करा, गाडी मोफत असते. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, डोक्याला टोपी घाला. पीत असेल तर पाजत राहा. पोटाला चटके, बिब्बा, धुरी, घुटी यातलं काहीही नको.

दवाखान्यात “बाळ बरं नाही” एवढंच सांगितलं तर रांगेत बसवतील. असं सांगा : “बाळ बारा दिवसांचं आहे, जन्माचं वजन इतकं होतं, श्वास दोनदा मोजला, 66 आणि 64 आला, सकाळपासून दोनदाच प्यालंय.” कागदावर लिहून नेलंत तर आणखी चांगलं.

पैशाचंही आधीच ठरवून ठेवा. अशा वेळी गटाच्या शिलकीतून रक्कम द्यायला कोणत्या दोघींची सही पुरेल, याचा ठराव पुढच्याच बैठकीत घ्या. मासिक बैठकीची वाट बघायला लागू नये. आणि त्याच बैठकीला गावातल्या एखाद्या लेकुरवाळीला बाळासह बोलवा. प्रत्येकीनं बाळाचा श्वास एक मिनिट मोजावा आणि आपापला आकडा वेगळा लिहावा. आकड्यांत फार फरक पडला तर पुन्हा मोजा.