घरोघरी नवजात बालसेवा : वगळलेला दुवा

दुर्गम भागात आजारी नवजात बालक रुग्णालयात पोहोचेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले. घरी जाऊन बाळाचे वजन करणे, ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, इतकेच नव्हे तर जंतुदोष ओळखून जेंटामायसीनचे इंजेक्शनही त्या देत. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

केंद्र शासनाने २०११ मध्ये ‘आशा’मार्फत गृहभेटी स्वीकारल्या, इंजेक्शन मात्र वगळले. रुग्णालयात नेणे अशक्य असल्यास ते देण्याची मुभा २०१४ मध्ये परिचारिकेला मिळाली. परंतु परिचारिकेकडे अनेक गावे असतात. गावातच राहते ती आशा.