पृथ्वी कोणी मोजली?

जगातील सर्वांत उंच पर्वतशिखर कोणते, असा प्रश्न विचारला असता शाळेतील कोणताही विद्यार्थी ‘एव्हरेस्ट’ असे तत्काळ उत्तर देईल. त्या शिखराची उंचीही त्याला बहुधा पाठ असेल. परंतु या शिखरावर मनुष्याचे पाऊल प्रथम पडले ते १९५३ साली, आणि त्याची उंची मात्र जाहीर झाली १८५६ साली, म्हणजे तब्बल ९७ वर्षे आधी. ज्या ठिकाणी कोणी पोहोचलेच नव्हते त्या ठिकाणाची उंची कशी मोजली? उत्तर ठाऊक असणे ही ज्ञानाची पहिली पायरी होय. ते उत्तर कसे सापडले हे समजणे ही दुसरी पायरी, आणि तीच अधिक महत्त्वाची.

या मोजणीचा उगम शोधू लागलो तर आपण हिमालयाच्या पायथ्याशी जात नाही. आपण येतो दक्षिणेस बंगालच्या उपसागराच्या काठी, चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील शोळिंगनल्लूर या उपनगराच्या परिसरात. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि २०११ सालापासून हा भाग चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट आहे. त्याच्या पश्चिमेस लागूनच पेरुंबाक्कम हे गाव आहे. या गावाजवळच्या टेकडीपाशी भारताच्या मोजणीतील एका प्रसिद्ध रेषेचे दक्षिण टोक होते.

त्रिविक्रमाची पावले

पृथ्वी मोजण्याची कल्पना मात्र त्या रेषेहून फार पुरातन आहे. वामनावताराची कथा सर्वश्रुत आहे. बटू वामनाने बळिराजाकडे तीन पावले भूमी मागितली. दान मिळताच त्याने विराट रूप धारण केले, दोन पावलांत पृथ्वी व आकाश व्यापले आणि तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर ठेवले. महाराष्ट्रात बलिप्रतिपदेच्या दिवशी या दानशूर राजाचे आजही प्रेमाने स्मरण केले जाते आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे त्रिविक्रमाचे अतिशय प्राचीन मंदिर आहे.

तमिळ प्रदेशात याच देवतेला ‘उलगळंद पेरुमाळ’ म्हणतात. ‘उलगु’ म्हणजे जग आणि ‘अळंद’ म्हणजे मोजलेला. अर्थात ‘जग मोजणारा देव’. कांचीपुरम येथे या नावाचे मंदिर असून त्यात आकाशाकडे पाय उचललेली भव्य मूर्ती आहे. प्राचीन तमिळ ग्रंथ ‘तिरुक्कुरळ’ यातही ही कल्पना आढळते. ज्या राजाच्या अंगी आळस नाही त्याला, पावलांनी जग मोजणाऱ्याने जे जे व्यापिले ते सर्व लाभते, असा एका कुरळाचा आशय आहे. या ग्रंथाचे कर्ते तिरुवळ्ळुवर यांचा संबंध परंपरा चेन्नईतीलच मैलापूरशी जोडते. साने गुरुजींनी हा ग्रंथ मराठीत आणला, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुराणातील कल्पना पुढे व्यवहारातही उतरली. चोळ राजांच्या काळात जमीन मोजण्याच्या काठीला ‘उलगळंद कोल’, म्हणजे ‘जग मोजणारी काठी’, असे नाव होते. आपल्याकडे शिवकाळात पाच हात पाच मुठी लांबीची काठी जमिनीच्या मोजणीस वापरीत. परंतु काठीने शेत मोजता येते, देश मोजता येत नाही. डोंगर, नद्या व अरण्ये आडवी आली की काठी थांबते. तेथून पुढे गणिताची गरज लागते.

आधाररेषा

१७९९ साली टिपू सुलतानाचा पाडाव झाला आणि दक्षिणेतील विस्तीर्ण प्रदेश इंग्रजांच्या कंपनी सरकारच्या ताब्यात अथवा वर्चस्वाखाली आला. सैन्य हलविण्यासाठी आणि सारा बसविण्यासाठी सरकारला भरवशाचे नकाशे हवे होते. या वेळी विल्यम लॅम्बटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एक योजना मांडली. सबंध द्वीपकल्पाची त्रिकोणांच्या साहाय्याने मोजणी करावी आणि त्याचबरोबर पृथ्वीचा खरा आकार कोणता याचाही निर्णय करावा, अशी ती योजना होती. सरकारला राज्यासाठी नकाशा हवा होता. लॅम्बटनला त्याशिवाय पृथ्वीचे कोडे सोडवायचे होते.

त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन्ही टोकांचे कोन ठाऊक असले, तर उरलेल्या दोन बाजू न मोजता गणिताने काढता येतात. त्या दोन बाजूंवर नवे त्रिकोण उभारावयाचे, त्यांच्या बाजूंवर आणखी नवे, आणि अशा रीतीने त्रिकोणांची साखळी शेकडो मैल पुढे न्यावयाची. या पद्धतीस त्रिकोणन म्हणतात. यात प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते ती मुख्यतः पहिली बाजू. तिलाच आधाररेषा म्हणतात. आधाररेषेत चूक राहिली तर तीच चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते.

अशी रेषा आखण्यास सपाट व मोकळी भूमी लागते. चेन्नईच्या दक्षिणेकडील किनारपट्टी तशी आहे. पळ्ळिकरणैची दलदल याच सखल भागात असून २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमींच्या रामसर यादीत तिचा समावेश झाला. कोरोमंडल किनाऱ्यावर मुख्य पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत येथील मैदाने कोरडी असतात. १० एप्रिल १८०२ रोजी लॅम्बटनने मोजणी आरंभिली. रेषेचे उत्तर टोक सेंट टॉमस माउंट, म्हणजे तमिळ लोकांची परंगिमलै, या टेकडीच्या पायथ्याशी होते. दक्षिण टोक पेरुंबाक्कमच्या टेकडीपाशी होते.

साखळी आणि ऊन

मोजणीसाठी १०० फूट लांबीची पोलादी साखळी होती. तिचा इतिहास मनोरंजक आहे. चीनच्या सम्राटाला नजर करण्यासाठी १७९३ च्या ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर ती पाठविली होती. सम्राटाने ती स्वीकारली नाही, आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात लॅम्बटनच्या हाती आली. ती जमिनीवर टाकून ओढीत नसत. लाकडी पेट्यांत सरळ ताणून, तिवयांच्या आधाराने, ती एका पातळीत धरीत. एकदा मोजले की सारा सरंजाम उचलून १०० फूट पुढे नेत. असे सुमारे ४०० वेळा केल्यानंतर रेषा पूर्ण झाली. तिची लांबी भरली सुमारे ४०,००० फूट, म्हणजे साडेसात मैलांहून किंचित अधिक, अथवा सुमारे १२ किलोमीटर.

या कामात मोठा शत्रू होता तो उन्हाळा. पोलाद तापले की वाढते. तापमान १ अंश सेल्सियसने वाढले तर पोलादाची लांबी दर लाख भागांत सुमारे १.१७ भाग वाढते. १०० फुटांच्या साखळीत ही वाढ इंचाच्या सत्तराव्या भागाइतकी होते. कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाने काय बिघडणार? परंतु तीच साखळी ४०० वेळा टाकली तर फरक साडेपाच इंचांवर जातो. आणि सकाळ व दुपार यांच्या तापमानात १० अंशांचे अंतर असेल तर तो साडेचार फुटांहून अधिक होतो. म्हणून साखळीच्या पेट्यांत तापमापक ठेवीत, त्यांवरील आकडे टिपून घेत आणि सर्व मोजमापे गणिताने एकाच ठरावीक तापमानास आणीत. लहान चुकीकडे दुर्लक्ष न करणे हे विज्ञानाचे पहिले व्रत होय.

याचे फळ लवकरच दिसले. मद्रासपासून मंगळूरपर्यंत त्रिकोणांची साखळी नेल्यावर असे आढळले की, या ठिकाणी द्वीपकल्पाची रुंदी सुमारे ३६० मैल आहे. जुन्या नकाशांवर ती ४०० मैल दाखविली होती. गणिताने सुमारे ४० मैल भूमी नकाशावरून नाहीशी केली! पुढे १८०४ साली बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा मोजली, तेव्हा मद्रासवरून गणिताने काढलेली लांबी व प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत अवघ्या काही इंचांचा फरक निघाला.

तंजावरचा अपघात

कोन मोजण्यासाठी लॅम्बटनजवळ लंडनमध्ये बनविलेला प्रचंड थिओडोलाइट होता. त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. त्याला घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले. परंतु शास्त्रीय उपकरण म्हणून त्यांनी तो सौजन्याने मद्रासला पाठवून दिला. युद्ध चालू असताही शास्त्राचा मान राखला गेला, याचे हे सुंदर उदाहरण होय.

१८०८ साली लॅम्बटन तंजावरला आला. तेथे त्या वेळी भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे गादीवर होते. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख १८०३ साली कोरविला होता. सपाट मुलुखात दूरवर पाहण्यासाठी उंच जागा मिळेना, म्हणून याच मंदिराच्या सुमारे २१६ फूट उंच शिखरावर यंत्र चढविण्याचे ठरले. चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोजणीचे वर्तुळ वाकले. आता काम संपले असेच कोणालाही वाटले असते. लॅम्बटनने मात्र तंबूचे दार लावून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ हळूहळू ठोकून, ताणून पूर्ववत केले. तोच थिओडोलाइट पुढे अनेक वर्षे कामास आला.

पृथ्वीचा आकार

त्रिकोणांची मुख्य रांग ७८ रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीकडून उत्तरेस चढत गेली. तिला ‘महाकंस’ म्हणतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर किती अंतर, हे त्यातून कळत गेले. पृथ्वी पूर्ण गोल असती तर हे अंतर सर्वत्र सारखे भरले असते. वास्तविक ते विषुववृत्तापाशी सुमारे ११०.६ किलोमीटर तर ध्रुवांपाशी सुमारे १११.७ किलोमीटर आहे. स्वतःभोवती फिरण्यामुळे पृथ्वी मध्यभागी फुगलेली आणि ध्रुवांकडे चपटी झाली आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटर अधिक आहे. हे एका देशाच्या मोजणीने सिद्ध झाले नाही. १७३६ साली लॅपलंडमध्ये आणि त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेतही अशा मोजण्या झाल्या होत्या. भारतातील महाकंसाने त्या ज्ञानात मोलाची भर घातली.

हिंगणघाटची समाधी

१८१८ साली या कामाला ‘भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हा साहाय्यक म्हणून रुजू झाला. लॅम्बटन तेव्हा वृद्ध झाला होता. हैदराबादकडून नागपूरकडे तळ हलवीत असता, २० जानेवारी १८२३ रोजी, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा देहांत झाला. वणा नदीकाठच्या त्या गावात, ज्याला बहुतेक मराठी वाचक कापसाच्या बाजारपेठेमुळे ओळखतात, त्याची समाधी आहे. पेरुंबाक्कमपासून हिंगणघाट अक्षांशाने सुमारे साडेसात अंश उत्तरेस आहे. हे अंतर लॅम्बटन त्रिकोणामागून त्रिकोण उभारीत वीस वर्षे चालत होता.

पुढे एव्हरेस्टने महाकंस १८४१ साली हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. त्याच त्रिकोणांच्या आधारे दुरून कोन घेऊन हिमालयाच्या शिखरांची उंची काढण्यात आली. ‘पंधरावे शिखर’ सर्वांत उंच ठरले. या गणितात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १८५६ साली जाहीर झालेली उंची २९,००२ फूट होती. २०२० साली नेपाळ व चीन यांनी संयुक्तपणे ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट, ही उंची जाहीर केली. सुमारे दीड शतकाच्या अंतराने फरक निघाला तो अवघ्या ३० फुटांचा!

१८६५ साली शिखराला एव्हरेस्टचे नाव देण्यात आले. ते नाव जगाच्या तोंडी आहे. लॅम्बटनचे नाव थोड्यांना ठाऊक आहे, सिकदारांचे त्याहून थोड्यांना. ज्यांनी उन्हात साखळी धरली, डोंगरावर यंत्रे वाहिली, रात्री निशाणीचे दिवे सांभाळले आणि अरण्यातील तापाने प्राण गमावले, त्यांची नावे तर कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. पुराणातील त्रिविक्रमाने दोन पावलांत पृथ्वी मोजली. मनुष्याला त्यासाठी असंख्य माणसांची असंख्य पावले लागली. म्हणून ‘पृथ्वी कोणी मोजली?’ या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही. सामान्य ज्ञानाचे कोणतेही उत्तर पाठ करताना, या उत्तरापर्यंत कोण कोण चालत आले, एवढा एक प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःस विचारला तर त्या ज्ञानाचे सार्थक होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आधाररेषेसाठी चेन्नईच्या दक्षिणेकडील भूमी सोयीची का ठरली?
२. ५० फूट लांबीची पोलादी पट्टी २० अंश सेल्सियसने तापली तर तिची लांबी किती वाढेल?
३. ‘उलगळंद’ हा शब्द देवाच्या नावात आणि मोजणीच्या काठीच्या नावातही का आला असावा?
४. आपल्या शाळेच्या मैदानावर एक रेषा मोजून, कोन घेऊन, दूरच्या झाडाचे अंतर काढा. मग ते दोरीने मोजून दोहोंतील फरक पाहा.
५. भारताच्या नकाशावर पेरुंबाक्कम, तंजावर, मंगळूर व हिंगणघाट या ठिकाणांच्या जागा दाखवा.