दम्याचा पंप आणि चुलीवरचा काढा

थंडी पडली की वस्तीत घरोघरी काढा उकळताना दिसतो. काढ्याशी आमचं भांडण नाही. पण दम्याच्या औषधाबरोबर पोटात काय जातं, हे डॉक्टरांना कुणी सांगत नाही. काढ्याला आपण औषध मानतच नाही ना!

डेरिफायलिनची गोळी स्वस्त, म्हणून आपल्याकडे पुष्कळांना दिली जाते. तिच्यात थिओफायलिन असतं. ते रक्तात कमी पडलं तर गुण येत नाही. जास्त झालं तर मळमळ, हाताला कंप, छातीत धडधड, फारच वाढलं तर झटके येतात. चहा-कॉफीतलं कॅफीन याच गोळीचं भावंड. दिवसाला सात-आठ कप चहा पिणाऱ्याला धडधडलं, तर दोष एकट्या गोळीचा नसतो. काळी मिरी आणि पिंपळी यांच्यामुळेही हे औषध रक्तात वाढू शकतं. कालवणातल्या मिरीला भिऊ नका, रोज दोन वेळच्या कडक काढ्याबद्दल आम्ही बोलतोय. बिडीचं उलट. तिच्या धुरामुळे औषध शरीरातून लवकर संपतं. बिडी जरूर सोडा, पण सोडल्याचं डॉक्टरांना सांगा. तोच डोस आता जास्त होऊ शकतो.

जेष्ठमध रोज, महिनोन्‌महिने चघळलं तर शरीरातलं पोटॅशियम घटतं, बीपी वाढतो. सालब्युटामॉल आणि प्रेडनिसोलोनही पोटॅशियम कमी करतात. तिन्ही एकत्र आले की पायात गोळे येतात, ठोके बिघडू शकतात. धोतऱ्याच्या पानांचा धूर कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा. ते विष आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे बिननावाची पुडी. आमच्या ओळखीच्या एका मावशींना तिने आठवड्यात बरं वाटलं. त्यांनी पंप सोडला. चेहरा सुजला, साखर वाढली. पुडी संपली त्याच आठवड्यात मध्यरात्री त्यांना रिक्षात घालून न्यावं लागलं. अशा पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर जिवावर बेततं. म्हणून पुडी फेकू नका, ती घेऊनच दवाखान्यात जा.

पुढच्या खेपेला गोळ्या, पंप, काढ्याचं सामान, पुड्या सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. आणि धाप लागून एक वाक्यही पुरं बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर काढा उकळत बसू नका. पंप द्या आणि तसेच दवाखाना गाठा.