काहीच गेलं नाही, मग वजाबाकी कशी?

प्रश्न : नात दुसरीत आहे. गणित असं : रेश्माकडे १२ काजूबिया आहेत, समीरकडे ७. रेश्माकडे समीरपेक्षा किती बिया जास्त? नातीने 'जास्त' वाचून १९ लिहिले. बाई म्हणाल्या, वजाबाकी कर. पण कोणी कोणाला बी दिली नाही, हरवली नाही, भाजून खाल्लीही नाही. मग वजाबाकी कशी?
– एक आजोबा, कणकुंबी

उत्तर : आजोबा, शंका अगदी रास्त आहे. नातीचे १९ सुद्धा वेंधळेपणातून आलेले नाहीत. वजाबाकीची ओळख आपण मुलांना बहुधा एकाच तऱ्हेने करून देतो : दहा पेरू होते, चार खाल्ले, उरले किती? त्यामुळे वजाबाकी म्हणजे काहीतरी संपणं, हे मनात पक्कं बसतं. तुमच्या गणितात तर दोन ढीग जिथल्या तिथे आहेत.

आता खऱ्याच बिया घ्या. रेश्माच्या १२ एका ओळीत मांडा आणि त्यांच्याखाली समीरच्या ७, एकीखाली एक. सात जोड्या लागतात आणि वरच्या ओळीत ५ बिया एकट्या राहतात. 'किती जास्त' म्हणजे या पाच. त्या मिळवायला जोडी लागलेल्या ७ बिया वरच्या ओळीतून बाजूला सारायच्या : १२ − ७ = ५. इथे जरा थांबा. आपण समीरच्या बिया वजा केल्याच नाहीत. त्या रेश्माच्या ढिगात नव्हत्याच, तर काढणार कशा? काढल्या त्या रेश्माच्याच, फक्त समीरकडे आहेत तितक्या. मुलं अडतात ती नेमकी इथे, आणि हे त्यांना सहसा कोणी उलगडून सांगत नाही. १९ म्हणजे दोघांच्या मिळून बिया. आकडा बरोबर, पण प्रश्न तो नव्हता.

अडचण वजाबाकीपेक्षा प्रश्नाच्या मांडणीत असते, हे हडसन या अमेरिकी संशोधकाने १९८३ साली दाखवून दिलं. मुलांना पाच पक्षी आणि चार अळ्या अशी चित्रं दाखवली. 'अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?' याला पहिलीतल्या ६४ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं. 'प्रत्येक पक्षी अळी पकडायला धावला, तर कितींना अळी मिळणार नाही?' असं विचारताच सगळीच्या सगळी मुलं बरोबर! दुसऱ्या प्रश्नात जोड्या लावण्याची युक्ती आपोआप सुचते.

काही जण यावर सोपा तोडगा देतात : 'जास्त' दिसलं की वजाबाकी कर. कृपा करून हे शिकवू नका. तुमच्या गावात उगम पावणाऱ्या मलप्रभेचंच उदाहरण घ्या. तिची लांबी ३०४ किलोमीटर, घटप्रभेची २८३; दोन्ही पुढे कृष्णेला मिळतात. 'मलप्रभा किती लांब?' हे काढायला 'घटप्रभा २८३ किलोमीटर, मलप्रभा तिच्यापेक्षा २१ने जास्त' असं दिलं तर बेरीज. 'मलप्रभा ३०४, ती घटप्रभेपेक्षा २१ने जास्त. तर घटप्रभा किती?' असं विचारलं तर वजाबाकी. 'जास्त' हा शब्द दोन्हीकडे आहे, क्रिया मात्र उलट. म्हणून आधी विचारायचं : मोठं कोण, लहान कोण, आणि शोधायचं काय, मोठं, लहान की मधला फरक? कागदावर एकाखाली एक दोन पट्ट्या काढल्या, एक लांब, एक आखूड, की हे लगेच दिसतं. मोठं शोधायचं असेल तरच बेरीज. लहान किंवा फरक शोधायचा असेल तर वजाबाकी.

नात सातच्या पुढे आठ, नऊ, दहा, अकरा, बारा असं बोटांवर मोजून पाच सांगत असेल, तर तेही पूर्ण बरोबर आहे. तिला अडवू नका. उत्तर आलं की तिच्याकडूनच पडताळून घ्या : समीरच्या ७ मध्ये ५ मिळवले तर रेश्माच्या १२ होतात का?