चासीचे कर्ण

महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरातील मी पहिलाच. परंतु या लेखाचा विषय अंगणातला आहे. वडिलांनी भंगारातून १९५१ सालची शेवरोलेट आणली, बंद पेटीची लहान मालमोटार. जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी करीत असे, त्या काळातील ही.

बॉडी उतरवली की उरते चासी: शिडीसारख्या दोन लांब पोलादी तुळया व त्यांना रिव्हेटांनी जोडलेले आडवे पट्टे. दोन्ही आसांतील अंतर ११६ इंच. तारेच्या ब्रशने गंज खरवडून मी रेड ऑक्साइड फासला. एका रिव्हेटापाशी केसाएवढी चीर होती, ती रंगाखाली झाकली गेली. मी गप्प बसलो. (परीक्षा जवळ आली होती, पण हे काही कारण नव्हे.)

वडील फिटर, शिक्षण तिसरी. त्यांनी चासी ठोकळ्यांवर समपातळीत ठेवली, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या भोकांतून चार ओळंबे सोडले, जमिनीवर खुणा केल्या आणि तिरपे दोर ताणले. कर्ण सारखे भरले तर चौकट सरळ. भूमितीत मला चांगले गुण होते, तरी हे सुचले नव्हते! एक कर्ण पाऊण इंच जास्त भरला.

"कुठं सुटलंय, सांग," ते म्हणाले.

मी बोट दाखवले.

रंग मीच खरवडला. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडले म्हणजे ताण तिथे साचत नाही, चीर पुढे सरकत नाही. मग साखळी व जॅक लावून कर्ण जुळवायचे, वेल्डिंग त्यानंतर. आधी केले तर वाकडेपणाच पक्का होतो.

बॉडी अजून विटांवर आहे. परवा पुन्हा मोजले: फरक पाव इंच.