गंभीर आजाराचा विमा आणि मधुमेही सभासद



ऊस नोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना एक वाक्य नेहमी कानी पडते : ‘साहेब, मला शुगर आहे, मला कोण विमा देणार?’ दुसरे त्याहून घातक : ‘एजंट म्हणला, शुगरचं लिहूच नका.’ हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या वाक्यासाठी.

नेहमीचा आरोग्य विमा दवाखान्याचे बिल भागवतो. गंभीर आजाराच्या विम्यात मात्र, पॉलिसीत नावानिशी दिलेला आजार ठरलेल्या अटींनुसार झाला, की ठरलेली रक्कम एकदम हातात येते. मग सोसायटीचे कर्ज फेडा, नाहीतर गडी लावून ऊस सांभाळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण तो पैसा दवाखान्याला जातो. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा नांदेड गाठणाऱ्याची चूल त्यावर पेटत नाही. शेतकऱ्यांची अपघात योजना तर अपघातापुरतीच. साप चावला तर ती कामाची, किडनी गेली तर नाही. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो.

मधुमेह स्वतः सहसा या यादीत नसतो. तो माणसाला जिथे नेऊन सोडतो ते हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, हे यादीत असते. म्हणून कंपनी कचरते. हप्ता वाढवते, कधी सरळ नकार देते. साखर ताब्यात असेल आणि एचबीए१सीचे म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीचे कागद जपून ठेवले असतील, तर निदान बोलणी तरी होते.

पॉलिसीतले शब्द मात्र कडक. विमा नियामक प्राधिकरणाने व्याख्या ठरवून दिल्या आहेत. दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी होऊन नियमित डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागले तरच दावा. पक्षाघाताचा परिणाम किमान ३ महिने टिकलेला हवा. बायपासच्या कलमात अँजिओप्लास्टी बसत नाही. खोडव्यातला बुडखा लागून जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला, तर त्या कलमाचा उपयोग नाही. तिथे दोन अवयव मनगटाच्या किंवा घोट्याच्या वरून गेलेले लागतात. शिवाय बहुधा पहिले ९० दिवस संरक्षण नसते, आणि निदानानंतर काही दिवस रुग्ण हयात असावा लागतो.

आता लपवण्याचे. नामंजूर झालेला एक दावा आम्ही पाहिला. अर्जात मधुमेहापुढे ‘नाही’. अक्षर एजंटाचे, सही सभासदाची. दवाखान्याच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘मधुमेह, आठ वर्षे’. तीही सभासदानेच डॉक्टरांना खरी सांगितलेली हकीकत! डॉक्टरशी कोण खोटे बोलतो?

वास्तविक खरे लिहिणाऱ्याला आरोग्य विम्याचा कायदा आता पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून ४८ ऐवजी जास्तीत जास्त ३६ महिने झाली. पॉलिसी सलग ६० महिने चालल्यावर माहिती दिली नाही म्हणून दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक मात्र त्यातून सुटत नाही. तेव्हा ‘पाच वर्षं कशीबशी काढू’ हा हिशेब कामाचा नाही. दुखणे काय तारीख विचारून येते?

पॉलिसी हाती आली की ३० दिवसांच्या आत, पटली नाही तर, परत करता येते. त्याच मुदतीत अर्जाची प्रत मागून ओळ न् ओळ वाचा; डोळ्यांना दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या. चूक दिसली तर कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्यात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.