रडताना दिसणारी गाठ

माझ्या मुलाच्या उजव्या जांघेत रडताना सुपारीएवढी गाठ यायची आणि झोपला की दिसेनाशी व्हायची. दवाखान्यात नेलं की नेमकी गायब. शेवटी गाठ आलेली असतानाच मोबाइलवर फोटो काढला. तो पाहून आणि मुलाला तपासून लहान मुलांच्या सर्जननी सांगितलं, हर्निया आहे. तुम्हीही आधी फोटो काढून ठेवा.

"मोठा झाला की जाईल," घरातली वडीलधारी म्हणाली. बेंबीच्या हर्नियाबाबत ते बहुतेकदा खरं असतं, चार-पाच वर्षांपर्यंत तो आपोआप बुजतो. जांघेतला बुजत नाही. जन्माआधी वृषण पोटातून अंडकोशात उतरतात, त्या वाटेवरची पिशवी नंतर मिटायला हवी. ती उघडी राहिली की आतडं तिच्यात उतरतं. तेल चोळून किंवा लंगोट आवळून ती मिटत नाही. मुलींनाही हा हर्निया होतो, त्यांच्यात कधी अंडाशयच पिशवीत येऊन अडकतं.

ऑपरेशनची तारीख ठरलेली असतानाच एका रात्री गाठ आत जाईना. कडक झाली, हात लावू देईना, प्यायलेलं दूध ओकून टाकलं. तसेच हॉस्पिटलात धावलो. गुंगीचं औषध देऊन डॉक्टरांनी आतडं हलकेच आत सारलं आणि सूज उतरल्यावर ऑपरेशन केलं. आणखी उशीर झाला असता तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असता. हा धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त, म्हणून तान्ह्या बाळाची तारीख पुढे ढकलू नका. गाठ कडक झाली, उलट्या लागल्या, पोट फुगलं तर घरी दाबत बसू नका, काही पाजू नका, रात्र असली तरी निघा.

ऑपरेशनची भीती मात्र मनातून काढा. जांघेच्या घडीत छोटा छेद घेऊन पिशवी मुळाशी बांधतात. मोठ्यांसारखी जाळी घालत नाहीत. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी येतात. अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्या बाळाला भूल दिल्यावर श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून रात्रभर ठेवून घेतात. भुलेआधी साधारणपणे आईचं दूध ४ तास आणि वरचं दूध ६ तास बंद ठेवतात. उपाशी लेकराचं रडणं ऐकून आजीचा जीव कासावीस होतो, तरी चमचाभरही पाजू देऊ नका, भुलेत ते फुप्फुसात जाऊ शकतं.

नंतर काही दिवस अंडकोश सुजलेला दिसतो, घाबरू नका. ताप आला किंवा जखम लाल झाली तर दाखवा. काही मुलांना पुढे दुसऱ्या बाजूलाही हर्निया होतो, तेव्हा आंघोळ घालताना दोन्ही जांघा पाहत जा.